तारेचा स्वर आणि विजेची गुणगुण

पनवेल महापालिकेच्या हद्दीतली रोडपाली विजेने चारही बाजूंनी वेढलेली आहे. शेजारच्या कळंबोलीत ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे, पलीकडे लोखंड-पोलादाचा बाजार, त्यापुढे तळोज्याची एमआयडीसी. पनवेलच्या लोकलच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार धावते. याच रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीहून १९१५ साली मुंबईला जलविद्युत मिळू लागली, तेव्हापासून हा पट्टा मुंबईच्या विजेशी बांधलेला आहे. अशा ठिकाणी एखाद्या सोसायटीतल्या खोलीत स्ट्रॅटोकास्टर धाटणीची गिटार अँपला जोडली आणि गेन वाढवला, की तारेला हात लागण्याआधीच स्पीकरमधून एक जाड, सलग गुणगुण येऊ लागते. त्यावर वादकांमध्ये ठरलेले उत्तर असे की खरा सिंगल-कॉइल टोन हवा असेल तर एवढे सोसावेच लागते, आणि नॉइजलेस पिकअप बसवले की शांतता मिळते पण टोन जातो. स्वच्छ, कमी गेनच्या वादनापुरता या म्हणण्यात तथ्यांश आहे. रॉकच्या बाबतीत मात्र ते टिकत नाही. डिस्टॉर्शन लावल्यावर गुणगुण स्वराच्या शेजारी उभी राहत नाही, ती स्वरात मिसळते. त्यामुळे जास्त गेनवर नॉइजलेस पिकअप निवडणे हा टोनचाच निर्णय ठरतो.

आधी गुणगुण कुठून येते ते पाहू, कारण रोडपालीत दोष बहुतेक वेळा उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर जातो आणि तो बव्हंशी चुकीचा असतो. मनोऱ्यावरच्या तिन्ही फेजचे प्रवाह एकमेकांच्या मागेपुढे चालतात आणि त्यांची बेरीज शून्याच्या जवळ असते. त्यामुळे लांब गेल्यावर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी पुसून टाकतात. खोलीतल्या लहानशा ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र त्याहूनही झपाट्याने विरते. अंतर दुप्पट केले की ते साधारण आठपटीने घटते. पण उलट बाजूने पाहिले तर अंतर निम्मे केल्यावर ते आठपटीने वाढते, आणि गिटार वाजवणारा माणूस नेमका अँपच्या पुढ्यात, इन्व्हर्टरच्या शेजारी, पंख्याखाली बसलेला असतो. दूरच्या ४०० केव्हीपेक्षा हाताच्या अंतरावरचा अँपचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर पिकअपला जास्त छळतो. त्यात भर पडते ती दुसऱ्या जातीच्या आवाजाची. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, वीज गेल्यावर चालू होणारा चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर, ही सगळी विजेची लहर चिरत असतात आणि त्यातून टोकदार भणभण निर्माण होते. खोल गुणगुण आणि टोकदार भणभण हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पुढचा बराचसा गोंधळ हा फरक न केल्यामुळे होतो.

सिंगल-कॉइल पिकअपची रचना अगदी साधी आहे. तारांखाली चुंबकाचे सहा खांब, आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. ही तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी. चुंबकामुळे पोलादी तारही थोडी चुंबकीय होते, ती थरथरली की वेढ्यांमधले क्षेत्र बदलते आणि फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे त्यात वीज उत्पन्न होते. आता बदलते क्षेत्र गिटारच्या तारेचे आहे की ट्रान्सफॉर्मरचे, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्या वेटोळ्याकडे नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १००, १५०, २०० असे स्वर सतत आत येत राहतात. वादक गिटार घेऊन जागच्या जागी वळला की एका दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, कारण वेटोळे क्षेत्राच्या रेषांना समांतर झालेले असते. घरी सराव करताना ही युक्ती खरोखर कामाची आहे, पण एकाच दिशेला तोंड करून मंचावर उभे राहता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो तो तांब्याच्या पत्र्याचा. गिटारची आतली पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने मढवली, घराचे अर्थिंग नीट केले, की सिंगल-कॉइलही शांत होते, असे सांगितले जाते. त्यातला अर्थिंगचा भाग मनापासून मान्य करावा असा आहे. दोन पिनांच्या प्लगवर अँप चालवणे धोक्याचेही आहे आणि आवाजाच्या दृष्टीने वाईटही. पत्र्याने भणभण कमी होते, कारण ती विद्युत क्षेत्रातून येते आणि जमिनीला जोडलेला धातू ती अडवतो. तारांना हात लावताच जो आवाज एकदम कमी होतो तो याच जातीचा. पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवायचे तर तांबे किती जाड लागेल, याचे गणित निर्दय आहे. त्या वारंवारितेला तांब्यात क्षेत्र एक-तृतीयांशाच्या आसपास यायला ९ मिलिमीटरहून अधिक जाडी लागते. चिकटपट्टी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही नसते. खोल गुणगुण तिच्यातून जवळजवळ जशीच्या तशी आत येते. म्हणून पोकळी मढवूनही आवाज राहिलाच, अशी तक्रार करणाऱ्याच्या कामात कसूर नसते, त्याने फक्त दुसऱ्या आजाराचे औषध घेतलेले असते.

चुंबकीय गुणगुणीवर उपाय एकच, दुसरे वेटोळे. दोन वेटोळी अशी जोडायची की बाहेरून आलेली गुणगुण दोघांत सारखी आणि विरुद्ध उत्पन्न व्हावी आणि परस्परांना छेदून जावी, पण तारेचा स्वर मात्र शिल्लक राहावा. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी हे हंबकरच्या रूपात साधले. त्यांनी १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळाले. हंबकरमध्ये दोन वेटोळी शेजारी-शेजारी असतात, प्रत्येकाखालचे चुंबकाचे ध्रुव उलटे असतात, त्यामुळे तारेचे स्वर जुळतात आणि गुणगुण कटते. पण दोन वेटोळी तारेला दोन जागी ऐकतात, वेढे वाढल्याने इंडक्टन्स वाढतो, आणि स्ट्रॅटची काचेसारखी धार जाते. नॉइजलेस सिंगल-कॉइलच्या बहुतेक रचनांत दुसरे वेटोळे शेजारी न ठेवता खाली ठेवतात. वरचे तार ऐकते, खालचे मुख्यतः गुणगुण. तारेला ऐकण्याची जागा एकच राहते. दोघांच्या मध्ये पोलादाचा पडदा घालून खालच्याला तारेपासून आणखी तोडण्याचे प्रयत्नही काही कारागिरांनी केले आहेत.

आता मुख्य मुद्दा. स्वच्छ वादनात स्वर आणि गुणगुण यांची साधी बेरीज होते, दोन्ही वेगळे ऐकू येतात आणि कान गुणगुणीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डिस्टॉर्शन बेरीज करत नाही. ते लहरीचे शेंडे कापते, आणि शेंडे कापणारे कोणतेही मंडल आत आलेल्या दोन वारंवारितांमधून बेरजेच्या आणि वजाबाकीच्या नव्या वारंवारिता घडवते. ४४० हर्ट्झचा स्वर आणि ५० हर्ट्झची गुणगुण एकत्र आत गेली की बाहेर ३९० आणि ४९० च्या आसपासचे, मूळ स्वराच्या पटीत न बसणारे स्वर डोकावू लागतात. तार नुकतीच छेडलेली असते तेव्हा हे जाणवत नाही, कारण समजा तारेचा संकेत गुणगुणीच्या शंभरपट असेल तर जोरकस स्वर दुबळ्या गुणगुणीला दाबून टाकतो. पण रॉकच्या एकल वादनाचा सगळा प्राण त्यानंतरच्या सेकंदांत असतो, लांब धरलेल्या, हळूहळू विरणाऱ्या स्वरात. त्या काळात तारेची थरथर दहाव्या हिश्शावर येते, तरी अँपमधून निघणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो, आणि यालाच वादक सस्टेन म्हणतो. मात्र गुणगुण घटलेली नसते. शंभरास एक असलेले प्रमाण दहास एक होते, मग पाचास एक. अँप जसा स्वराला उचलून धरतो तसाच गुणगुणीलाही उचलतो, आणि धरलेला स्वर आतून किरकिरा, धुरकट होऊ लागतो. ही धूसरता पुष्कळदा अँपच्या किंवा स्पीकरच्या माथी मारली जाते, आणि वादक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतो.

आपल्या ५० हर्ट्झमध्ये यातली एक खास गोष्ट आहे, जी अमेरिकी पुस्तकांत सापडत नाही, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची. जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर वाजणारा जी हा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. गुणगुणीचा दुसरा अंश १०० हर्ट्झ, म्हणजे त्याच जीपेक्षा जेमतेम एक-तृतीयांश अर्धस्वराने चढा. दोघे एकत्र आले की सेकंदाला दोन ठोके पडतात. मोकळी जी तार १९६ हर्ट्झची, गुणगुणीचा चौथा अंश २०० चा, तिथे सेकंदाला चार ठोके. रॉकमध्ये जी पॉवर कॉर्ड किती वेळा येतो याचा विचार केला तर हा बारीकसारीक मुद्दा उरत नाही. गिटार ट्यूनरवर अचूक लागलेली असूनही तो एक कॉर्ड हलल्यासारखा वाटतो, आणि वादक खुंट्या पिळत बसतो. सुरेलपणाची चाड असलेल्या कोणाही माणसाला हे सहन होऊ नये.

नॉइज गेटचा पर्याय इथे लगेच सुचवला जातो. गेट म्हणजे ठरावीक पातळीखाली आवाज गेला की दार लावणारे मंडल. दोन तुकड्यांमधली शांतता ते छान सांभाळते, आणि ठोकळेबाज, तुटक तालाच्या मेटलमध्ये ते आवश्यकच आहे. पण जेव्हा स्वर वाजत असतो तेव्हा दार उघडे असते, आणि भेसळ तेव्हाच होते. शिवाय विरत जाणाऱ्या स्वराची शेपूट गेट मध्येच छाटते. पातळी खाली आणावी तर गुणगुण सुटते, वर न्यावी तर सस्टेन मरतो. गेट अँपच्या आधी लावले काय किंवा नंतर लावले काय, वाजणाऱ्या स्वराच्या आतली गुणगुण त्याला वेगळी काढता येत नाही. ती पिकअपमध्येच कटली पाहिजे.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळू, तो म्हणजे नॉइजलेसमुळे टोन जातो. हा भ्रम नाही, कारणे खरी आहेत. खालचे वेटोळे तारेचा थोडा भाग उलट्या दिशेने ऐकते, म्हणून संकेत घटतो. ती घट भरून काढायला वेढे वाढवावे लागतात, म्हणून रोध आणि इंडक्टन्स वाढतो. दोन वेटोळी जवळ असल्याने त्यांच्यातली कपॅसिटन्सही वाढते. या सगळ्याचा परिणाम एका आकड्यात दिसतो, पिकअपच्या अनुनादाच्या शिखरात. शिखर जितके वर, तितकी धार चमकदार. पण या आकड्यात केबलही तेवढीच भागीदार असते, आणि वादात तिचे नाव कोणी घेत नाही. स्ट्रॅटच्या सिंगल-कॉइलचा इंडक्टन्स सुमारे २.४ हेन्री आणि स्वतःची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरू, केबल मीटरला १०० पिकोफॅरडची. तीन मीटर केबल लावली तर शिखर ५,१०० हर्ट्झच्या आसपास येते, सहा मीटर लावली तर ३,९०० पर्यंत घसरते. आता एखादे नॉइजलेस पिकअप घेऊ, मुद्दाम जड धरू: इंडक्टन्स ३ हेन्री, कपॅसिटन्स दुप्पट. तीन मीटर केबलवर त्याचे शिखर ४,१०० हर्ट्झ. म्हणजे लांब केबलवरच्या खऱ्या सिंगल-कॉइलपेक्षा आखूड केबलवरचे नॉइजलेस अधिक चमकदार. शिखराची उंची, त्याची अणकुची, तारेवरचा चुंबकाचा ओढा हे इतरही फरक आहेत आणि दोन पिकअप अगदी एकसारखे वाजतील असा दावा करण्याचे कारण नाही. पण जो वादक केबल बदलताना टोनचा विचारही करत नाही, त्याने नॉइजलेसमुळे टोन गेला म्हणणे विसंगत आहे.

दुसरा पुरावा इतिहासात आहे. गुणगुण काढली की सिंगल-कॉइलचा स्वभाव जातोच, असा नियम असता तर १९५७ नंतरचा प्रिसिजन बास बदनाम झाला असता. त्या वर्षी फेंडरने त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले, प्रत्येक तुकडा दोन तारांसाठी, आणि दोघांची जोडणी उलटी. प्रत्येक तार एकाच वेटोळ्यावर वाजते, म्हणून स्वर एका जागचा राहतो, तरी गुणगुण कटते. त्याच पिकअपने पुढे रॉकच्या बासचा नमुना घडवला. गिटारच्या बाजूला इंग्वी माल्मस्टीनने प्रचंड गेनवर स्ट्रॅट वाजवायला डिमार्झिओची एकावर एक वेटोळ्यांची एचएस-३ पिकअप वापरली. एरिक क्लॅप्टनच्या नावाने १९८८ मध्ये आलेल्या स्ट्रॅटमध्ये लेस सेन्सर ही कमी गुणगुणीची पिकअप होती आणि २००१ पासून फेंडरची व्हिंटेज नॉइजलेस. या वादकांचा आवाज सिंगल-कॉइलचा नाही असे म्हणणारा श्रोता सापडणे कठीण आहे.

डेव्हिड गिल्मोरचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य. १९९४ च्या दौऱ्यात त्याच्या लाल स्ट्रॅटवर ईएमजीची सक्रिय, कमी गुणगुणीची पिकअप होती, आणि त्या दौऱ्यातली लांब, गाणारी एकल वादने आजही नमुना म्हणून ऐकवली जातात. पण २००५ च्या लाइव्ह ८ या मैफलीत तो पुन्हा आपल्या काळ्या, साध्या सिंगल-कॉइलच्या स्ट्रॅटकडे वळला. मग शेवटी सिंगल-कॉइलच जिंकली का? त्याच्या हातात ती जिंकते, कारण त्याच्या मंचाची वीज, अर्थिंग, अँपची मांडणी यांच्यामागे जाणकारांची फौज उभी असते. हेन्ड्रिक्सचेही उदाहरण दिले जाते, पण त्याचे कारण वेगळे. १९६९ मध्ये स्ट्रॅटच्या खाचेत बसणारे नॉइजलेस पिकअप बाजारात नव्हते, त्यामुळे त्याने सिंगल-कॉइल निवडली असे म्हणण्यापेक्षा त्याला जे मिळाले त्यातून त्याने किमया केली असे म्हणणे न्याय्य. मोठ्या वादकाने जी अडचण जिंकली, ती अडचण शिकणाऱ्यानेही मुद्दाम अंगावर घ्यावी, हा तर्क पटण्याजोगा नाही.

आपल्याकडची परिस्थिती तर आणखी वेगळी. १९८६ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, रॉक मशीनसारखे बँड आणि महेश तिनईकरांसारखे गिटारवादक तिथून नावारूपाला आले. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोमध्ये लाइव्हवायर ही रॉक बँडची स्पर्धा आजही तरुणांना खेचते. अशा महोत्सवी मंचावर दिव्यांचे डिमर लहर चिरत असतात, जनरेटर चालू असतो, एका बँडनंतर दुसऱ्या बँडला मिनिटांत उभे राहायचे असते. तिथे दिशा शोधत वळायला, अँप सरकवायला, प्लग तपासायला वेळ मिळत नाही. घरच्या खोलीत मर्यादा जागेची, मंचावर वेळेची. दोन्हीकडे वादकाच्या ताब्यात राहणारी एकच गोष्ट म्हणजे गिटारच्या आत काय बसवले आहे ती.

सिंगल-कॉइलला तिची जागा नाकारण्याचे मात्र कारण नाही. गेन थोडा, वादन हाताच्या दाबाने सौम्य-तीव्र होणारे, व्हॉल्यूमचा नॉब सहावर आणून स्वर स्वच्छ करणारे असेल, तर गुणगुण खाली राहते आणि सिंगल-कॉइलची ती पहिल्या क्षणाची ठिणगी पुरेपूर ऐकू येते. ब्लूज-रॉकच्या कडेला वाजवणाऱ्याला ती सोडावी असे सांगणे चुकीचे ठरेल. नॉइजलेसचीही मर्यादा आहे: अँपला अगदी खेटून बसले तर वरच्या आणि खालच्या वेटोळ्याला क्षेत्र सारखे मिळत नाही, आणि छेद अर्धवट राहतो. दोन पावले मागे सरकावेच लागते.

रोडपालीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने एकदम तीन नॉइजलेस पिकअप घेण्याचीही गरज नाही. आजच्या बहुतेक स्ट्रॅट धाटणीच्या गिटारींत मधले पिकअप उलट्या वेढ्यांचे आणि उलट्या ध्रुवाचे असते. म्हणून मधले आणि मानेकडचे एकत्र लावले की ती जोडी आपोआप शांत होते. अशा गिटारमध्ये फक्त ब्रिजकडचे पिकअप नॉइजलेस केले, तर पिकअप निवडण्याच्या खटक्याच्या पाच स्थानांपैकी ब्रिजचे एकटे स्थान जड डिस्टॉर्शनसाठी शांत मिळते आणि मान-मधले हे स्वच्छ वादनासाठी. मधले एकटे, मानेचे एकटे आणि ब्रिज-मधले या तीन स्थानांत गुणगुण राहील. ब्रिज-मधले या जोडीत पूर्वी जी शांतता होती ती मात्र जाईल, कारण मधल्याला आता विरुद्ध जोडीदार उरत नाही. हा तोटा आधी ठाऊक असलेला बरा. नवे पिकअप बसवताना त्याची उंची पुन्हा लावून घ्यावी आणि केबल तीन मीटरची घ्यावी, कारण वर मांडलेल्या गणितात चमक सर्वांत स्वस्तात तिथेच परत मिळते.